कोरडी बाटली

१

आलिया सापडली तेव्हा तिच्या हातात आरतीची पाण्याची बाटली होती, आणि बाटलीत पाण्याचा टिपूस नव्हता.

लातूरच्या ट्यूशन एरियात नीलाबाईंचं मुलींचं हॉस्टेल आहे. मागच्या अंगणात पाण्याचा मोठा ड्रम, त्याला टेकून पोरगी बसली असावी असंच लांबून वाटत होतं. सकाळी क्लासला निघालेल्या मुलींनी आधी हाका मारल्या, मग खांदा धरून हलवलं. मान एका बाजूला कलंडली तशा सगळ्या किंचाळत सुटल्या. नाडी चालत होती, शुद्ध मात्र नव्हती. रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं, आणि दवाखान्याने पोलिसांना फोन केला. सतरा वर्षांची मुलगी अशी अचानक कोसळली की पहिला संशय विषाचाच येतो.

मिरजेहून रेल्वेने पाणी यायला लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नळ कोरडे, टँकरपाशी मारामाऱ्या आणि घरोघर पाण्याच्या ड्रमांना कुलपं. नीलाबाईंच्या ड्रमालाही होतं, चांगलं पितळी.

फौजदार सिंधु बिराजदार मूळची रेणापूरची. पोलिसात तिला बरीच वर्षं झाली होती. तिने ती बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. बाटलीवर लाल नेलपॉलिशने ‘आरती’ असं लिहिलं होतं. आरती आणि आलिया एका खोलीत राहायच्या आणि क्लासमध्ये पहिल्या नंबरासाठी झगडायच्या. मग आरतीच्या बाटलीतून आलिया काय प्यायली होती?

मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. त्यातली एक हळूच म्हणाली, “पाणीचोर होती ती. सगळ्यांचं पाणी पिऊन टाकायची.”

आपली मैत्रीण मरणाच्या दारात आहे आणि या पाण्याचा हिशोब सांगतायत, हे ऐकून सिंधुला संताप आला. पण तेवढ्यात तिची नजर त्या दोघींच्या खोलीच्या खिडकीखाली गेली. सगळं अंगण भाजून पांढरं पडलेलं, आणि तिथे मात्र मातीवर ओलीचा काळपट डाग होता. लातुरात त्या वर्षी पाणी कुणी मातीत टाकत नव्हतं.

२

“मीच ओतलं,” आरती म्हणाली.

उमरीकडची शेतकऱ्याची पोर. डोळे रडून सुजलेले, पण आवाज ताठ. सिंधुने तिला एकटीला खोलीत बसवलं होतं.

“प्यायचं पाणी तू मातीत ओतलंस?”

“मग काय करू मॅडम? दिवसाला एक बाटली भेटते आम्हाला. ती आपली पिते आन् मग माझी पिते. महिना झाला हेच चालू हाय. सारखी उठते, सारखी मोरीला जाते, परत येऊन पाणी पिते. मला झोप न्हाई, टेस्टमध्ये मार्क पडून राहिले माझे. काल सांजच्याला तिनं परत मागितलं. मी तिच्यादेखत बाटली खिडकीतून उपडी केली. म्हणलं, घे आता.”

“मग ती काय म्हणाली?”

“काईच न्हाई. रिकामी बाटली उचलली आन् बाहेर गेली. मला वाटलं आभ्यासाला बसली आसंल.”

सिंधुने कितीतरी कबुलीजबाब ऐकले होते. खून केलेली माणसंही तिच्यासमोर बसून चहा प्यायली होती. पण तहानलेल्या मुलीसमोर पाणी मातीत ओतणारी ही शाळकरी पोर पाहून ती हबकली. तरी एक गोष्ट उघड झाली होती. बाटलीत विष नव्हतं, कारण बाटलीत काहीच नव्हतं.

“तहानेशिवाय आणखी काही दुखत होतं का तिला?”

“जेवत न्हवती. उलट्या काढायची, पोट साफ होईना म्हणायची. सोपी सोपी सूत्रं विसरून राहिली होती. आम्हाला वाटलं, परीक्षेचं टेन्शन.”

“तुमच्यापेक्षा वेगळं काही खायची? प्यायची?”

“जेवण तर सगळ्यांचं एकच. टँकरचं पाणीबी एकच. क्लासमधले हरिओम सर बुद्धीची पावडर देतात, ती समद्याच घेतो.” आरतीने आठवून पाहिलं. “नीलामावशी तिला तेवढं दूध द्यायच्या. तिला एकटीलाच. लई जीव हाय त्यांचा तिच्यावर.”

तेवढ्यात सिंधुचा फोन वाजला. दवाखान्यातून डॉक्टर कलीम बोलत होते.

“मॅडम, विष नाही सापडलं,” ते म्हणाले. “पण जे सापडलंय ते तुम्ही इथे येऊन बघा.”

३

“कॅल्शियम?” सिंधुने परत विचारलं. “हाडांसाठी देतात ते?”

“तेच,” डॉक्टर कलीम म्हणाले. “रक्तात असायला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. तुमचा विश्वास बसणार नाही, माझाही बसला नव्हता. दोनदा तपासायला लावलं.”

अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे आलिया निपचित पडली होती. दंडात सलाईनची सुई, ओठ भेगाळलेले. सिंधुला वाटत होतं, कॅल्शियम म्हणजे आई बळेबळे पाजते ते दूध, भाकरीतली नाचणी. त्याने माणूस मरायला टेकतो, हे तिला पचत नव्हतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. व्हिटॅमिन असो की खनिज, शरीराला ते लागतं जेवढ्यास तेवढं. कमी पडलं तर रोग, आणि काही बाबतींत जास्त झालं तरी रोगच. बी आणि सी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. डीचं तसं नाही. ते चरबीत साठून बसतं आणि अन्नातलं कॅल्शियम ओढून ओढून रक्तात घालतं. मग मूत्रपिंडं पाणी धरून ठेवू शकत नाहीत, तहान लागते, उलट्या होतात, डोकं काम करेनासं होतं आणि शेवटी शुद्ध हरपते.

“म्हणजे कुणीतरी तिला हे डी दिलं?”

“किंवा मानेतल्या ग्रंथीला गाठ असेल. त्यानेही असंच होतं. गाठीची तपासणी मुंबईला पाठवलीय, पण रिपोर्टला वेळ लागेल. तिचे वडील मात्र थांबायला तयार नाहीत. कुणीतरी त्यांना सांगितलं की हैदराबादला ऑपरेशन करतात. दुपारी गाडी येतेय. या अवस्थेत एवढा प्रवास झाला, तर मी काही खात्री देऊ शकत नाही. डी पोटात गेलं असं तुम्ही सिद्ध केलंत, तर ऑपरेशनचा प्रश्नच उरत नाही.”

दस्तगीरभाई बाहेर बाकावर बसले होते. नांदेडला त्यांचं गाद्या भरायचं दुकान. अजून कुडत्यावर कापसाचे तंतू चिकटलेले होते. बातमी कळताच आहे तसे निघाले असावेत.

“डी व्हिटॅमिन?” ते म्हणाले. “हाव मॅडम, दिलं होतं ना. होळीच्या आधी पोरगी म्हणली, अब्बा, पाय लई दुखतात. नांदेडच्या डॉक्टरनं रक्त तपासलं. म्हणले, उन्हाचं व्हिटॅमिन कमी हाय. मी हसलोच. आपल्या मराठवाड्यात अन् उन्हाची कमी? पण पोरगी सूर्य उगवायच्या आत क्लासात जाते, अंधार पडल्यावर बाहेर येते. उन्हानं तिला गाठावं कुठं? डॉक्टरनं पाकिटं दिली. आठवड्याला एक, दुधात टाकून. मी सगळं नीलामावशीच्या हवाली केलं.”

“आठवड्याला एक, नक्की?”

“खुदा गवाह हाय. डॉक्टरनं मला दोनदा बजावलं होतं.”

सिंधु परत डॉक्टरांकडे गेली. आठवड्याला एका पाकिटाने हे होईल का, असं तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, शक्यच नाही.

४

हरिओम सरांनी आपली बुद्धीची पावडर स्वतःच चमचाभर खाऊन दाखवली.

“घ्या मॅडम, काय पण होत न्हाई,” ते घाम पुसत म्हणाले. “दुधाची पावडर हाय, साखर हाय, थोडं कॅल्शियम, थोडे व्हिटॅमिन. सगळे पोरं घेतात.”

“आणि बुद्धी?”

हरिओम सर खाली बघायला लागले. बुद्धी त्यात नव्हती, हे डब्यावरच बारीक अक्षरात छापलेलं होतं. माणूस लबाड होता, पण त्याच्या लबाडीने पोरगी मरत नव्हती. तीच पावडर खाऊन बाकीच्या साऱ्या मुली टुणटुणीत होत्या.

हॉस्टेलच्या कोपऱ्यावर सिद्धलिंगचं औषधाचं दुकान. सिंधुने पाकिटाचं नाव सांगताच त्याने मान डोलावली.

“डी तीनचं? नेतात की. नीलाबाई डब्बेच्या डब्बे नेऊन राहिल्या एवढ्यात.”

“डबे?”

“हॉस्टेलात तीसेक पोरी. आठवड्याला एकेकीला एक पाकीट धरलं तर तेवढी लागणारच. म्हणलं, बाई पोरींची काळजी घेते, चांगलं हाय.”

सिंधुने तिथूनच आरतीला फोन लावला. तुमच्यापैकी आणखी कुणाला पाकिटातली पावडर मिळते का? आरतीने सगळ्यांना विचारलं. कुणालाच मिळत नव्हती.

सिंधु दुकानाच्या पायरीवर बसली. ती सगळी पाकिटं एका आलियाच्या पोटात गेली होती, आणि घालणारी होती तिच्यावर सगळ्यात जास्त जीव लावणारी बाई.

५

नीलाबाईंच्या हॉस्टेलला स्लॅब नव्हता. भोवतीच्या सगळ्या इमारती तीन-तीन मजली झाल्या, पण ही बाई पत्र्याखालीच राहिली. किल्लारीकडच्या ज्या गावांचा भूकंपात चुराडा झाला, त्यातल्या एका गावातून ती लातूरला आली होती. डोक्यावर दगड-माती नको, एवढंच तिचं म्हणणं. सिंधुला ते समजत होतं. भूकंपानंतर कितीतरी महिने रेणापुरातही सगळे अंगणातच झोपायचे. तेव्हा ती फ्रॉकमधली पोर होती.

स्वयंपाकघरात एका मुलीचा जुना फोटो होता. पाय किंचित फेंगडे.

“माझी शरणम्मा,” नीलाबाई म्हणाल्या. “लहानपनापासून हाडं कच्ची. पायात जोर न्हवता. भूकंपाच्या रात्री मी तिला म्हणलं, पळ. मी भाईर आले. ती दारापत्तुर बी पोचली न्हाई.” पदराने त्यांनी फोटो पुसला. “डॉक्टर मागून म्हणले, लेकराला वेळच्या वेळी औषिध द्यायला पायजे होतं. म्हनून ही आलिया पाय दुखतात म्हणली, तवा मी ठरवलं. हिची हाडं कच्ची राहू द्यायची न्हाईत.”

“मावशी, पाकिटं किती दिलीत तिला?”

“सांगितलं तेवढी. एक चुकली न्हाई, एक जास्ती दिली न्हाई.”

“दस्तगीरभाईंनी काय सांगितलं होतं?”

“त्यांनी सांगितलं तसंच करून राहिले की मी.”

आयुष्यभर खोटं बोलणाऱ्यांशी गाठ पडलेल्या सिंधुला एक कळत होतं. ही बाई खोटं बोलत नाही. आणि तो बाकावरचा बाप, तोही खोटं बोलला नव्हता. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांच्या मधे एक मुलगी मरत होती. तिकडे हैदराबादची गाडी कधीही दारात लागणार होती.

अंगणात पावलं वाजली. मुली क्लासहून जेवायला आल्या होत्या, आता परत निघाल्या. सवयीने त्या दारात रांगेत उभ्या राहिल्या आणि एकेकीने तळहात पुढे केला. नीलाबाई उठल्या. प्रत्येकीच्या हातावर त्यांनी चमचाभर दही-साखर ठेवली. मुली ते चाटून त्यांच्या पायांना हात लावत आणि बाहेर पडत. परीक्षेला निघालेल्या लेकराला मोकळ्या हाताने पाठवायचं नाही, हा घराघरातला शिरस्ता. सिंधुच्या आईनेही तिला असंच पाठवलं होतं.

शेवटची मुलगी गेली. नीलाबाईंनी फडताळातून एक ग्लास काढला, त्यात दूध ओतलं, डब्यातून एक पाकीट घेतलं, दातांनी कोपरा फाडला आणि पावडर दुधात सोडली. चमचा दोनदा फिरवला. मग त्यांचा हात थांबला. ग्लास घ्यायला कुणी नव्हतंच.

सिंधु उठून उभी राहिली.

“मावशी, आज वार कोणता?”

“बुधवार.”

“मग आज पाकीट कसं?”

“टेस्ट हाय ना आज,” नीलाबाई सहज म्हणाल्या. “बघितलं न्हाई का, समद्या दही-साखर खाऊन गेल्या.”

“काल?”

“कालबी टेस्ट.”

“टेस्ट रोज असते?”

“बोर्डाचे पेपर संपल्यापास्नं रोजच हाय. त्याच्या आधी रविवारच्या रविवार असायची. त्या दस्तगीरभाईंनी या इथं बसूनच सांगितलं, मावशी, टेस्टच्या दिवशी देत जा, म्हणजे तुमच्या ध्यानात राहील. राहिलं की माझ्या ध्यानात. एक टेस्ट चुकू दिली न्हाई मी.”

सिंधुने मनातल्या मनात दिवस मोजले. कुणी विष घातलं नव्हतं, कुणाच्या मनात पाप नव्हतं. या गल्लीत सोमवार-मंगळवार कुणी मोजतच नव्हतं, दिवस टेस्टवरून ओळखायचे. बापाने आठवड्याचा हिशोब टेस्टला बांधला, क्लासवाल्यांनी टेस्ट रोजची केली, आणि औषधही गुपचूप रोजचं झालं. दुकानदार विचार करत होता तीस मुलींचा. आरतीला वाटत होतं नुसतं दूध आहे. आणि ही बाई आपल्या मेलेल्या लेकीच्या बाबतीत झालेली चूक सुधारत होती, रोज, न चुकता.

तिने डॉक्टरांना फोन लावला. “डीच आहे. रोज एक पाकीट, बोर्ड संपल्यापासून. ऑपरेशन नको. गाडी थांबवा.”

पलीकडे डॉक्टर “थांबवतो,” एवढंच म्हणाले. मग त्यांचा धावत जाण्याचा आवाज आला.

सिंधु वळली. नीलाबाईंनी फोन ऐकला होता. ग्लास अजून त्यांच्या हातात होता आणि त्यातलं दूध हिंदकळून त्यांच्या पायांवर सांडत होतं.

“मी?” त्यांनी विचारलं. “मी केलं हे?”

सिंधुने पुढे होऊन तो ग्लास फक्त काढून घेतला.

६

आलिया शुद्धीवर यायला बरेच दिवस लागले. प्रवेश परीक्षा हुकली. मूत्रपिंडं पूर्ण सावरतील की नाही, हे आत्ताच सांगता येणार नव्हतं. पण ती जगणार होती.

ती शुद्धीवर आली त्या दिवशी वॉर्डाच्या दारात डॉक्टरांसमोर सिंधु, दस्तगीरभाई, नीलाबाई आणि आरती अशी चौघं उभी होती. नीलाबाई सर्वांत मागे. दवाखान्यात त्या रोज यायच्या, पण उंबरा ओलांडायच्या नाहीत.

“मावशी, बोललो तर मीच होतो,” दस्तगीरभाई खाली बघत म्हणाले. “टेस्टच्या दिवशी द्या म्हणून. माझ्याच तोंडचे शब्द हायेत ते.”



“डॉक्टरसाहेब, आता औषध कोणतं देता?” सिंधुने विचारलं.

“थोडी औषधं आहेत,” डॉक्टर कलीम म्हणाले, “पण या दुखण्यात पहिला आणि मोठा उपचार पाणी. पहिल्या दिवसापासून शिरेतून जातंय ते मुख्यतः पाणी आणि मीठच. जास्तीचं कॅल्शियम पाण्याबरोबर धुऊन निघतं. खरं सांगू का, मला आश्चर्य वाटतं की ही मुलगी एवढे दिवस चालती-फिरती राहिली कशी. नक्कीच खूप पाणी पीत असणार. त्यानेच टिकली ती. मग एकदम कोसळली, म्हणजे शेवटी कुठेतरी पाणी बंद झालं असावं.”

सिंधुला आठवलं, पहिल्या सकाळी तिने ड्रमाचं कुलूप पाहिलं होतं, आणि ते नवंकोरं चकाकत होतं.

“कुलूप कधी लावलं होतं, मावशी?” तिने विचारलं. उत्तर काय असणार हे कळत असूनही तिने विचारलं.

“ती पडायच्या आदल्या दिवशी,” नीलाबाई म्हणाल्या. “समद्या पोरी म्हणल्या, आलिया पाणी चोरते.”

आरतीने तोंडावर हात दाबला. ती ज्याला चोरी म्हणत होती, तो त्या मुलीचा आपल्या जिवासाठी चाललेला झगडा होता. एकीने ड्रम बंद केला आणि दुसरीने बाटली ओतून टाकली, आणि दोघींनाही वाटलं होतं की आपण बरोबर वागतोय. या सगळ्यात दोषी कुणाला ठरवायचं, या विचाराने सिंधुला झोप लागत नव्हती. दोषारोप लिहायच्या कागदावर तिने अजून एकही नाव घातलं नव्हतं.

नीलाबाईंनी कमरेला खोचलेली किल्ली काढली आणि दस्तगीरभाईंच्या हातावर ठेवली. “कुलूप मी ती पडली त्याच दिशी फोडून टाकलं,” त्या म्हणाल्या. “पर ही तेवढी माझ्यापाशी नको.”

आरतीच्या हातात तीच बाटली होती, लाल नेलपॉलिशच्या नावाची, तोंडापर्यंत भरलेली. तिने ती नीलाबाईंसमोर धरली.

“मावशी, तुम्हीच पाजा तिला.”

“माझ्या हातानं नगं,” नीलाबाई दोन पावलं मागे सरल्या. “माझ्या हाताचं आता तिच्या पोटात काई जायला नगं, बाई.”

आरती एकटीच आत गेली. आलियाने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे. ओठ हलले, पण हात काही पुढे आला नाही.

“कोणाचं पाणी हाय?” तिने विचारलं. आवाज जेमतेम उमटला, पण दारापर्यंत सगळ्यांना ऐकू गेला.

“तुझंच हाय,” आरती म्हणाली. “समदं तुझंच हाय.”

आलियाने थोडा वेळ तिच्याकडे बघत खात्री करून घेतली. मग तिने बाटली तोंडाला लावली. दारात उभ्या नीलाबाई ती बाटली रिकामी होईपर्यंत बघत राहिल्या.